1759, 299 पानं, आणि तरीही नाही

माझ्याकडे व्हॉल्तेरच्या 'काँदीद' या उपहासात्मक फ्रेंच कादंबरीची 1759 सालची प्रत आहे. कातडी बांधणी, कसर लागलेली नाही, पानं बरोबर 299. ही पहिली आवृत्ती आहे असं मी जवळजवळ दोन वर्षं भेटेल त्याला सांगत होतो. ती पहिली नाही.

आवृत्ती, फर्मा (दुमडलेल्या एका तावाची पानं), शिवण हे शब्द तुम्हाला ठाऊक आहेत असं धरून चालतो. पुस्तक उन्हात ठेवू नका, चिकटपट्टी लावू नका, हेही सांगत बसत नाही. सांगायचंय ते एवढंच, की जुनं उपहासात्मक साहित्य जमवणं हे इतर जुनी पुस्तकं जमवण्यासारखं नसतं. इथे पुस्तक स्वतःच खोटं बोलतं आणि तसं बोलण्यासाठीच ते छापलेलं असतं.

राजाची, चर्चची, न्यायाधीशांची टर उडवणारा माणूस स्वतःचं नाव कशाला छापेल? 'काँदीद'च्या शीर्षकपानावर लेखक नाही, मुद्रक नाही, गाव नाही. कोणा डॉक्टर राल्फच्या जर्मन पुस्तकाचा हा अनुवाद आहे, अशी थाप तेवढी आहे. 'कोलोन, पिएर मार्तो' हा पत्ता तर सतराव्या शतकापासून कितीतरी पुस्तकांवर दिसतो, पण या नावाचा प्रकाशक कधी नव्हताच. स्विफ्टच्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'वरही स्विफ्टचं नाव नव्हतं. लंडनचा प्रकाशक बेंजामिन मॉट याने ते 28 ऑक्टोबर 1726 रोजी बाजारात आणलं, तेही धोकादायक वाटलेला मजकूर परस्पर मवाळ करून. त्याच सालात त्याच्याच तीन आवृत्त्या निघाल्या आणि तिन्हींवर 1726 आहे. त्यामुळे नुसतं '1726 ची प्रत' म्हटल्याने काही कळत नाही.

आता माझी चूक. ही मी जरा पाल्हाळ लावून सांगणार आहे, कारण मला कोणी सांगितली नव्हती.

'काँदीद'ची पहिली आवृत्ती जिनिव्हात क्रामर बंधूंनी छापली आणि गठ्ठे गुपचूप अनेक शहरांत पाठवले. बंदी येण्याआधी पुस्तक सगळीकडे पोचावं हा डाव होता. तो इतका साधला, की गावोगावच्या मुद्रकांनी त्याच्या नकला मारल्या. एकट्या 1759 सालाच्या डझनाहून जास्त निरनिराळ्या आवृत्त्या अभ्यासकांनी नोंदवल्या आहेत. शीर्षकपानावर गावच नाही, त्यामुळे कोणती कुठली हे पान सांगत नाही. मला साल माहीत होतं. पहिल्या आवृत्तीला 299 पानं असतात हेही वाचलं होतं. मी पानं मोजली, 299 भरली, आणि पैसे मोजले. लंडनमध्ये छापलेल्या एका आवृत्तीलाही 299च पानं आहेत, हे मात्र मी वाचलं नव्हतं.

मग ओळखायचं कसं? चुकांवरून. जिनिव्हाच्या प्रतीत 103व्या पानावर चौथ्या ओळीत 'क स फ्यु' ऐवजी 'क स स फ्यु' पडलंय. छपाईचे खिळे जुळवणाऱ्याचा हात एकदा जास्त गेला. 125व्या पानावर, पुन्हा चौथ्याच ओळीत, 'प्रेसिपितामाँ' म्हणजे 'घाईघाईने' हवं तिथे 'प्रेसिझेमाँ' म्हणजे 'नेमकेपणाने' छापलंय. (मी केलं ते बरोबर याच्या उलट.) शीर्षकपानावरची फळाफुलांची नक्षी आत पुन्हा कुठे येते तेही जुळवावं लागतं. एका खुणेवर विसंबू नका. नकला करणारे कधी चूक दुरुस्त करतात, तर कधी चुकीसकट नक्कल मारतात. साल जुळलं, पानं जुळली, एक चूक जुळली, तरी उरलेल्या खुणा तपासायच्याच.

आणखी एक गंमत. 1761च्या वाढीव आवृत्तीच्या शीर्षकपानावर लिहिलंय, की डॉक्टर (तेच थापेतले राल्फ) 1759 साली मिंडेनला वारले तेव्हा त्यांच्या खिशात सापडलेली भर यात घातली आहे. घाईत वाचणाऱ्याला ठळक दिसतं ते 1759. विकणाऱ्यालाही तेच दिसतं, आणि दर वेळी तो लबाडच असतो असं नाही.

लॉरेन्स स्टर्नच्या 'ट्रिस्ट्रम शँडी' या विनोदी कादंबरीचं दुखणं वेगळं. नऊ खंड 1759 ते 1767 अशी वर्षं घेत निघाले, त्यामुळे बहुतेक संच खिचडी असतात. पहिले दोन खंड मुळात यॉर्कला छापलेले, पण संचात लंडनची दुसरी आवृत्ती बसवलेली असते. नकलांना वैतागून स्टर्नने पाचव्या, सातव्या आणि नवव्या खंडात स्वतः शाईने सही केली. तिसऱ्या खंडातलं रंगीत लाटांचं पान हाताने केलेलं आहे, म्हणून दोन प्रतींत ते सारखं नसतं. ते पान सपाट आणि छापील वाटलं तर पुस्तक मिटून परत द्या.

कागद उजेडापुढे धरायची सवय लावून घ्या. हातकागदात तारांच्या रेघा दिसतात. सगळ्या पानांत त्या आडव्या आणि एकाच पानात उभ्या असतील किंवा मुळीच नसतील, तर ते पान दुसरीकडून आलंय. अतिनील दिव्याखाली एखादं पान निळसर उजळलं, तर तो गेल्या शतकाच्या मध्यानंतरचा कागद समजा. फर्म्यांचा क्रम दाखवणारी, पानाच्या तळाशी छापलेली अक्षरंही मोजा. मात्र जुन्या मुद्रकांच्या मोजणीत तेवीसच अक्षरं असायची, त्यांत 'जे' नसायचं, हे लक्षात ठेवा. 'जे' फर्मा गहाळ आहे म्हणून मी एका विक्रेत्याशी तावातावाने भांडलो होतो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. आजही आठवलं की कान गरम होतात.

गुरूबद्दल माझं मत जरा कडू आहे. नुसता संग्रह दाखवणाऱ्याच्या मागे लागू नका. ज्याने स्वतः फसून घेतलेली प्रत तुमच्या हातात दिली, त्याच्याकडे जा. मला पहिल्या प्रकारचे तीन भेटले आणि दुसऱ्या प्रकारची एकच बाई. तिने कॅटलॉग नव्हे, तर शिवण उसवलेली, शीर्षकपान नसलेली एक भिकार प्रत महिनाभर माझ्याकडे ठेवायला दिली. फर्मा कसा दुमडतो, कुठे पान कापून नवं चिकटवलंय, हे त्यातून जितकं कळलं तितकं चांगल्या प्रतीतून कधीच कळलं नसतं. चांगली प्रत उघडायलाच भीती वाटते.

भीतीवरून सांगतो, फसाल. माझ्या ओळखीत न फसलेला संग्राहक नाही. पण सुरुवातीला फसायचंच असेल तर सुटे खंड घ्या, तुटके संच घ्या. लोक त्यांना नाकं मुरडतात, पण आतला कागद तोच, खिळे तेच. 'गुंतवणूक' म्हणून येणार असाल तर मात्र येऊ नका. ज्यांनी आयुष्यभर पैशावर भाळणाऱ्यांची टर उडवली, त्यांच्याच पुस्तकांच्या किमती वाढायची वाट बघत बसणाराही त्यांच्या तावडीतून सुटला नसता.

ती लंडनची प्रत मी विकलेली नाही. मजकूर चांगला आहे, आणि आता ती तपासायला येणाऱ्या नव्या पोरांना मी ती महिनाभर देतो. मागच्या महिन्यात एका विक्रेत्याच्या यादीत पुन्हा तीच ओळ दिसली: 'काँदीद, 1759, 299 पानं, पहिली आवृत्ती'. मी लगेच लिहून 103व्या पानाचा फोटो मागितला. दोन दिवसांनी फोटो आला. स्वच्छ, उजेडात काढलेला, एकेक अक्षर वाचता येईल असा. पान 102. शेजारचं 103 बरोबर कडेला कापलेलं.