माफिया खेळवताना या चुका टाळा

पंधरा-वीस माणसं जमली, जेवणं झाली की कुणीतरी म्हणतंच, “चला, माफिया खेळू.” कॉलेजच्या ट्रिपला, ऑफिसच्या पिकनिकला, लग्नघरी हळदीच्या आदल्या रात्री मी हा खेळ इतक्यांदा खेळवलाय, की तो कुठे बिघडणार हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. चुका दरवेळी त्याच असतात, आणि बोल लागतो खेळाला: “बोअर आहे रे, पत्ते काढा.”

खेळ बोअर नाही. १९८६ मध्ये मॉस्को विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात दिमित्री दाविदोवने तो तयार केला. गुपचूप वाटलेल्या भूमिकांत थोडे माफिया, बाकीचे गावकरी. ‘रात्री’ सगळे डोळे मिटतात; मग माफिया खुणेने एकाला मारतात, डॉक्टर कुणाला तरी वाचवू बघतो, पोलीस एका संशयिताची खात्री करून घेतो. ‘दिवसा’ सगळे चर्चा करतात आणि मतं टाकून एकाला बाद करतात. सगळे माफिया सापडले तर गाव जिंकतं, माफिया उरलेल्या गावकऱ्यांइतके झाले तर माफिया. १९९७ मध्ये अँड्र्यू प्लॉटकिनने माफियाच्या जागी माणूसलांडगे आणले, पण गाभा तोच राहिला: थोड्या लोकांना सगळं ठाऊक आणि बाकीच्यांना काहीच नाही. ही एवढी एक गोष्ट गळली की खेळ संपला. आणि ती बहुतेक वेळा खेळवणाऱ्याच्या, म्हणजे ‘गॉड’च्याच तोंडून गळते.

मामेबहिणीच्या लग्नाच्या वेळी कोकणातल्या घरी आम्ही ओटीवर एकवीस जण बसलो होतो. गॉड होता माझा कॉलेजात जाणारा भाचा. “माफियांनो, डोळे उघडा,” इथपर्यंत ठीक. मग म्हणाला, “डॉक्टर, ऊठ. कुणाला वाचवतेस?” आणि त्यापाठोपाठ, “पोलीस, उठा. तुमचा कुणावर संशय आहे?” डोळे मिटलेले असले तरी कान उघडेच असतात. डॉक्टर बाई आहे आणि वयाने लहान, हे एका ‘वाचवतेस’मध्ये कळलं. पोलीस कुणीतरी मोठं माणूस, हे ‘उठा’मध्ये. त्या ओटीवर तो अहोजाहो करील अशी माणसं दोनच, थोरले काका आणि आत्याचे यजमान. पुढच्या रात्री काका गेले, त्याच्या पुढच्या रात्री आत्तोबा. पोलीस आत्तोबाच होते. गावकऱ्यांना वाटलं, माफियाचं नशीब जोरावर आहे. भाच्याला शेवटपर्यंत पत्ता नव्हता की आपण काय केलं.

मराठीत क्रियापद उच्चारलं की बाई की बुवा, लहान की मोठा, बरंच काही बाहेर पडतं. म्हणून मी सगळ्यांना एकाच साच्यात बोलतो: “डॉक्टरांनी डोळे उघडावेत. डॉक्टरांनी बोट दाखवावं. डॉक्टरांनी डोळे मिटावेत.” पोलिसांनाही तेच. वाक्यं कागदावर लिहून घेतो आणि वाचूनच दाखवतो, तोंडपाठ झाली तरी. ‘रे’, ‘गं’, ‘अहो’ बंद. डॉक्टर मेलेला असला तरी त्याला रोज रात्री हाक मारतो आणि मनात दहापर्यंत मोजून मगच पुढे जातो, नाहीतर घाईच सांगून टाकते की तिथे कुणी उठलेलंच नाही. आणि बोलताना मान खाली. ज्याच्याकडे तोंड करून बोलाल, त्याच्या दिशेला आवाज जातो.

दुसरी गळती बांगड्यांची. बोट दाखवायला हात उचलला की किणकिण होते, प्लॅस्टिकची खुर्ची करकरते. रात्रभर सगळ्यांनी मांडीवर थापा मारत राहायचं, हा साधा उपाय आहे.

चिठ्ठ्या करू नका. राजा-मंत्री-चोर-शिपाई चार जणांत चिठ्ठ्यांवर चालतो. वीस जणांत वहीच्या पातळ पानावरची शाई पाठीमागून दिसते आणि एखादी घडी वेगळी पडतेच. पत्ते घ्या. माझे ठरलेले आहेत: एक्के म्हणजे माफिया, इस्पिकचा राजा पोलीस, बदामची राणी डॉक्टर, बाकी नुसते आकडे.

आकड्यांचं भानही ठेवा. सात जणांत तीन माफिया ठेवले तर पहिल्याच रात्री एक गावकरी मेला की तीनास तीन, खेळ खलास. वीस जणांना मी चार माफिया ठेवतो, एक पोलीस आणि एक डॉक्टर. बस्स.

हे ‘बस्स’ मला फार वेळा बजावावं लागतं. अर्ध्या लोकांना नियम माहीत नसतात आणि एखादा उत्साही फोनवरून जादा भूमिकांची यादी वाचतो: चेटकीण ठेवू, प्रेमी जोडी ठेवू, विदूषक ठेवू. नको. आधी दोन डाव साधे होऊ द्या. आणि “खेळता खेळता कळेल” हे तर ऐकूनच घेऊ नका. या खेळात शंका विचारायला तोंड उघडलं की भूमिका फुटते, त्यामुळे सगळं आधीच सांगायला हवं. तेवढी पाच मिनिटं ज्याला जड होतात, त्याला मी पहिला डाव नुसता बघायला बसवतो.

आता शपथा. “आईशप्पथ, मी माफिया नाही” असं एकाने म्हटलं की दुसऱ्याला खोटी शपथ घ्यावी लागते किंवा गप्प बसावं लागतं, आणि दोन्ही वाईटच. आमच्यात देवभोळी माणसं आहेत, त्यांना हे खरंच लागतं. एका पिकनिकला एकीने मुलाची शपथ घालून नवऱ्याला विचारलं. तो काही बोललाच नाही. तो माफिया आहे हे सगळ्यांना समजलं, आणि परतीच्या बसमध्ये दोघं वेगवेगळ्या सीटवर बसली. त्या दिवसापासून माझा नियम आहे: शपथ घेणारा आणि शपथ घालणारा, दोघंही त्याच क्षणी डावाबाहेर. खोटं बोलायची मुभा खेळापुरती आहे, घरातलं नातं त्यात ओढायचं नाही.

मेल्यावर पत्ता दाखवायचा की नाही, तेही आधी ठरवा.

राहिली ती चूक मला सगळ्यात जास्त टोचते: पहिल्याच रात्री कुणाला तरी मारणं. एका दिवस-रात्रीत दोन माणसं कमी होतात. वीस जणांत चार माफिया असतील आणि एकही सापडला नाही, तर डाव सहा दिवस चालतो. एका दिवसाच्या चर्चेला पंधरा मिनिटं दिलीत, तर पहिला मेलेला दीड तास भिंतीला टेकून बसतो. ‘ब्लड ऑन द क्लॉकटॉवर’ या माफियासारख्याच खेळात मेलेले बोलत राहतात आणि त्यांना शेवटचं एक मत देता येतं. ते मत मी साध्या माफियातही देतो. पहिल्या रात्री कुणालाच मारू देत नाही आणि चर्चा पाच मिनिटांवर तोडतो, फोनचा गजर लावून. तीसेक माणसं असतील तर ‘टू रूम्स अँड अ बूम’ हा लपवलेल्या भूमिकांचाच दुसरा खेळ खेळवतो, त्यात कुणी बाद होतच नाही.

हे मी शिकलो त्याच ओटीवर. तिथे पहिल्या रात्री गेली होती नऊ वर्षांची पुतणी, एक शब्दही बोलायच्या आत. ती उठून माजघरात निघून गेली आणि पाठ करून बसली. पुढच्या डावाला मी तिला गॉडशेजारी पाटावर बसवलं आणि चोरून बघणाऱ्यांवर लक्ष ठेवायचं काम दिलं. पहिल्याच रात्री तिने थोरल्या काकांना बोटांच्या फटीतून बघताना पकडलं.