घामोळ्याला तेल नको, मांडीला हवं : वैशाखातल्या शेतकामासाठी सल्ला

एप्रिल उजाडला की सांगलीकडं द्राक्षाची खरड छाटणी, बेदाण्याचे रॅक, हळदीचं शिजवण आणि पॉलिश, तर साताऱ्याकडं आल्याची लागण, अशी सगळी कामं एकाच उन्हात येऊन पडतात. खता-पाण्याचे सल्ले या दिवसांत पोत्यानं मिळतात. ज्या अंगानं हे सगळं करायचं, त्या अंगाबद्दल कुणी बोलत नाही. दुपारी बांधावर एखादा गडी बाभळीच्या खोडाला पाठ घासत असतो, संध्याकाळी कुणी पाय फाकवून घरी चाललेला असतो. आपण बघतो आणि हसतो. पण मांड्या सोलवटलेला माणूस दुसऱ्या दिवशी कामावर येत नाही, आणि आलाच तर निम्मं काम करतो.

उन्हाळ्यातल्या या खाजेला आपल्याकडं सरसकट ‘घामोळं’ म्हणतात आणि सगळ्यावर एकच डबा उघडतात. घोळ इथंच होतो. घामोळं वेगळं आणि घासून पडलेला काच वेगळा. एकाचं औषध दुसऱ्याला लावलं तर त्रास वाढतो.

घाम कातडीबाहेर येतो तो बारीक नळ्यांतून. त्या नळ्यांची तोंडं बुजली की घाम आतच साठतो आणि कातडीखाली झिरपतो. बुजणं अगदी वरवर असेल तर दवबिंदूसारखे पारदर्शक फोड येतात. ते खाजत नाहीत आणि बोट लागलं की फुटतात. जरा खोलवर बुजलं तर लाल बारीक पुटकुळ्या येतात, सुया टोचल्यासारखं होतं आणि चुणचुण थांबत नाही. आपण ज्याला घामोळं म्हणतो ते हेच. ते येतं कपड्याखाली: पाठीवर, छातीवर, मानेच्या घडीत, कमरेला, काखेत. खरड छाटणी करणाऱ्यांचे हात दिवसभर वर असतात, तरी कात्रीच्या बाजूची काख आधी पेटते. सदरा तिथंच ताणून घासतो आणि घामही तिथंच मुरतो.

माझं एक निरीक्षण आहे. माण-खटावच्या कोरड्या उन्हात घाम भराभर सुकतो आणि अंगावर मीठ उरतं. तिकडं काच जास्त पडतो. कृष्णाकाठी, वाळवा-पलूसकडं, डोक्याएवढ्या उसात भांगलायला किंवा पाचट काढायला शिरलं की वारा लागत नाही आणि घाम सुकत नाही. तिथं घामोळं. वळवाचा एखादा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जो उकाडा होतो, तो तर घामोळ्याचा हंगामच. आपलं रान कुठल्या जातीचं आहे ते पाहून तयारी केलेली बरी.

घामोळ्यावर पहिलं औषध गारवा, दुसरंही गारवाच. दिवसातून दोनदा गार पाण्यानं अंघोळ करा. साबण एकदाच, तोही थोडा, आणि नीट धुऊन काढायचा. बोअरचं पाणी जड असेल तर साबणाचा थर अंगावर राहतो, म्हणून शेवटचे दोन तांबे जास्त घ्या. पंच्यानं रगडू नका, टिपून घ्या. मग उघड्या अंगानं पंख्याखाली किंवा झाडाच्या सावलीत पंधरा-वीस मिनिटं बसा. आग फार होत असेल तर कॅलामाइन लोशन लावा. खाजेनं झोप येत नसेल तर डॉक्टर गोळी देतात, पण तसल्या काही गोळ्यांनी गुंगी येते. ती घेऊन सकाळी ट्रॅक्टरवर बसू नका. अंग गार राहिलं तर साधं घामोळं दोन-तीन दिवसांत बसतं.

आणि तेल लावायचं नाही. ही चूक मी स्वतः केली आहे. पहिल्यांदा उसात पाचट ओढलं त्या साली पाठ लालभडक झाली. घरात खोबरेलाची बाटली होती, आजीनं मायेनं पाठभर तेल चोळलं. रात्री बरं वाटलं. सकाळी तीच पाठ घेऊन पुन्हा उसात गेलो आणि दहाच्या आत सदरा काढून पाटात बसलो. आधीच बुजलेल्या नळ्यांवर तेलाचं बूच मारल्यासारखं झालं होतं. व्हॅसलिन, तूप, जाड मलम, कसलीही ओशट गोष्ट घामोळ्यावर नको.

पावडरचं थोडं वेगळं आहे. कोरड्या अंगावर पातळ हात फिरवला तर चालतं. पण बरेच जण घामेजल्या मानेवर डबा उपडा करतात. त्याचा चिखल होतो, चिखलाच्या गोळ्या होतात आणि त्याच घडीत घासत बसतात. तान्ह्या बाळाच्या तोंडाजवळ तर पावडर उडवूच नये, ती छातीत जाते. बाळाच्या घामाच्या नळ्या पुरत्या तयार झालेल्या नसतात, त्यामुळं घामोळं त्याला लगेच येतं. वैशाखात टोपडं, दुपटं आणि वर शेगडी हा थाट कृपा करून आवरा.

आता काच. इथं नळी-बिळी काही नाही, कातडीवर कातडी किंवा कापड घासतं आणि वरचं सालपट निघतं. खरा खलनायक म्हणजे मीठ. दुपारी सदरा काढून बघा, पाठीवर पांढऱ्या रेघा दिसतील. तेच मीठ मांडीच्या घडीत असतं. दोन मांड्यांच्या मध्ये बारीक वाळू भरून चालल्यासारखं होतं ते त्यामुळं. म्हणून दुपारच्या भाकरीआधी हात-तोंडाबरोबर जांघा, काखा आणि गुडघ्यामागची घडीही साध्या पाण्यानं धुवा आणि कोरडी करा. मोटर चालू असली तर पाटावर पाच मिनिटांचं काम आहे. एवढं करणाऱ्याला संध्याकाळी पाय फाकवावे लागत नाहीत.

तेल लावायचं ते इथं, तेही काच पडण्याआधी. पहाटे निघताना मांडीच्या आतल्या बाजूला आणि कापड घासतं तिथं व्हॅसलिनचा पातळ हात द्या. खोबरेलही चालतं, पण ते लवकर मुरतं, दुपारी पुन्हा लावावं लागतं. बेंदराच्या आदल्या दिवशी आपण बैलांची खांदेमळणी करतो, जुवाखाली घासलेल्या खांद्याला हळद-तूप चोळतो. बैलाचा खांदा कळतो आणि स्वतःची मांडी कळत नाही, असं आपलं आहे.

कपड्यांबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सुती घाला असं सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे. पण ओलं सुती कापड जड होतं, अंगाला चिकटतं आणि घासतं. सुतीचा उपयोग दुपारी बदलायला दुसरा जोड पिशवीत असेल तरच. नवी पोरं रानात घट्ट जीन आणि निवडणुकीत मिळालेला पॉलिस्टरचा टी-शर्ट घालून येतात. त्यापेक्षा म्हाताऱ्यांची ती पट्ट्यापट्ट्याची नाडीची चड्डी शहाणी. मांडीवर खालपर्यंत येते, त्यामुळं कातडीला कातडी लागतच नाही. लाज वाटत असेल तर वरून लेंगा घाला.

सालपट निघालंच असेल तर साध्या पाण्यानं धुवा, टिपा, वर व्हॅसलिन किंवा झिंक ऑक्साइडचं मलम लावा आणि त्या जागेला दोन-तीन दिवस घासण्यापासून सुट्टी द्या. डेटॉल, स्पिरीट, झंडू बाम, लिंबू यांपैकी काहीही उघड्या कातडीवर नको. हळदीचा लेपही नको. सांगलीत बसून हळदीविरुद्ध बोलणं धाडसाचं आहे, पण सोललेल्या जागेवर तो सुकून ताणतो आणि पुन्हा चिरतो.

फवारणीच्या पंपाचे पट्टे हा वेगळा जाच. सोळा लिटरच्या पंपात नुसतं पाणीच सोळा किलो, वर पंपाचं वजन. अरुंद पट्टा ओल्या खांद्यात रुततो. पट्ट्याखाली जुन्या पंच्याची घडी ठेवा, ओली झाली की बदला, आणि खेप वाढली तरी पंप पाऊणच भरा. टाकीचं झाकण किंवा वॉशर गळत असेल तर तो पंप त्या दिवशी पाठीवर घेऊच नका. घामानं मऊ झालेल्या, घासलेल्या कातडीतून औषध फार लवकर आत जातं, आणि त्यातही जांघेतून सगळ्यात जास्त. पाठीवरून गळलेलं पाणी उतरतं ते तिकडंच.

बायांचं दुखणं याहून झाकलेलं. परकराची बारीक नाडी आवळून, त्यावर ओचा खोचून दिवसभर वाकून भांगलण करायची. कमरेवर नाडीचा काळा वळ कायमचा पडतो आणि उन्हाळ्यात तो चिघळतो. नाडीऐवजी परकराला दोन-तीन बोटं रुंद पट्टी शिवून घ्या, रोज एकाच जागी बांधू नका आणि रात्री सैल सोडा. ही बारीकसारीक गोष्ट नाही. वर्षानुवर्षे नाडी कचून न भरणारी जखम होते आणि तिथं कातडीचा कर्करोग झाल्याच्या नोंदी महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनीही केल्या आहेत. कमरेवरची जखम महिनाभर भरत नसेल तर दाखवून घ्या. स्तनांखालच्या घडीत लाली, ओल आणि वास येत असेल तर तेही दाखवा. तिथं बहुतेक वेळा बुरशी असते, लाजून ती जात नाही.

बुरशीवरून आठवलं. जांघेत गोल चकंदळ, कड उठलेली आणि लाल, मधला भाग जरा निवळलेला, आठवड्या-आठवड्यानं पसरत जाणारं, घरात आणखी एकाला झालेलं, तर ते घामोळं नाही आणि काचही नाही. तो नायटा, म्हणजे गजकर्ण. मला एकदा काउंटरवरून एक ट्यूब मिळाली होती. तीन दिवसांत खाज गायब. महिन्यानं मांडीभर पसरलं, कातडी पातळ झाली आणि बरं व्हायला तीन महिने गेले. ट्यूबवर बारीक अक्षरात क्लोबेटासॉल, बीटामेथासोन असं काही असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. ते खाज दाबतं आणि बुरशीला मोकळं रान देतं. जांघेत तर ते स्वतःच्या मनानं कधीच लावू नका. बुरशीचं औषध डॉक्टर सांगतील तितके दिवस, खाज थांबल्यावरही, लावावं लागतं. चड्डी उलटी करून कडक उन्हात वाळवा, आणि पंचा प्रत्येकाचा वेगळा ठेवा. जांघेतलं पुन्हा पुन्हा उलटत असेल तर रक्तातली साखर तपासा. कित्येकांना मधुमेह असल्याचं असंच कळतं.

जागेवरून ओळखायचं आणखी एक: गाजरगवत. १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा दिसलेलं हे गवत आता प्रत्येक बांधावर आहे. त्याची ॲलर्जी उघड्या अंगावर उठते: पापण्या, मान, कोपराची घडी. कपड्याखाली कातडी चांगली आणि उघड्यावर खाज, असं असेल तर घामोळं म्हणून बसू नका. गवत उपटताना हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यात, आणि ते फुलावर यायच्या आत उपटा.

बेदाण्याच्या शेडवाल्यांनाही एक सांगणं आहे. द्राक्षं सुकवण्याआधी ज्यात बुडवतात त्या पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात दिवसभर हात बुडवले की कातडीचा नैसर्गिक ओशटपणा निघून जातो आणि मग घाम झोंबतो. रबरी मोजे घाला. ते नसतील तर प्रत्येक पाळीनंतर कोपरापर्यंत हात साध्या पाण्यानं धुवा. गंधकाची धुरी दिलेलं शेड उघडताना घामेजल्या अंगानं आत शिरू नका. तो धूर ओल्या कातडीवर आणि डोळ्यांत आम्ल होऊन चुरचुरतो. आधी हवा खेळू द्या.

कामाची वेळ तर सगळ्यांना माहीतच आहे: सकाळी सहा ते साडेदहा आणि चारनंतर. बाहेरगावहून आलेल्या किंवा बरेच दिवस घरी बसलेल्या माणसाला पहिला आठवडाभर अर्ध्या दिवसाचंच काम द्या. शरीराला ऊन अंगवळणी पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात.

पाठ-छाती भरून घामोळं असेल त्यानं तर जास्तच जपावं. नळ्या बुजलेल्या, म्हणजे तेवढ्या भागातून घाम बाहेर पडत नाही आणि अंग थंड होत नाही. इतरांना सोसतं ते ऊन अशा माणसाला लागतं. पुरळ बसल्यावरही काही दिवस तसंच असतं. त्याला भट्टीजवळ, हळदीच्या कुकरवर किंवा शेडनेटमध्ये दुपारी पाठवू नका. माणूस बरळायला लागला, अंग तापलं आणि चालताना झोकांड्या खाऊ लागला तर तो उष्माघात. सावलीत आणा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, काख-जांघेत ओली फडकी ठेवा आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

पुटकुळ्यांत पू झाला, लाली पसरत चालली, जांघेत गाठ आली किंवा ताप आला, तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. फवारणीनंतर खाजेबरोबर तोंडाला लाळ, मळमळ किंवा धूसर दिसणं असं काही असेल तर आधी कपडे उतरवून अंग साबणानं धुवा, मग दवाखाना. जाताना औषधाची बाटली, निदान तिचं लेबल, सोबत घ्या. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात, आणि ‘निळ्या डब्यातलं होतं’ या उत्तरानं काही कळत नाही.