घर मुलाच्या नावावर करायच्या आधी वाचा, आणि करून बसला असाल तर नक्की वाचा

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मी लोकांना अर्ज लिहून द्यायला बसते, आणि कोणी आजी किंवा काका पिशवीतून बक्षीसपत्राची झेरॉक्स काढायला लागले की पुढचं काय ते मला कळतंच. घर मुलाच्या नावे केलं आणि आता त्याच घरातून जा म्हणतायत. महाराष्ट्रात मुलामुलींना, नातवंडांना राहतं घर बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, वर स्थानिक सेस काय असेल तो वेगळा, त्यामुळे "आई, स्वस्तात होतंय तर करून टाकू" असं म्हणत सही घेतात.

सही अजून झाली नसेल तर माझं ऐका, मृत्युपत्र करा. ते कधीही बदलता येतं, दोन साक्षीदार लागतात, रजिस्टर करायची सक्ती नाही पण केलेलं बरं. बक्षीसपत्र मात्र रजिस्टर झालं की घर त्याच दिवशी तुमचं राहत नाही. द्यायचंच असेल तर त्याच कागदात लिहून घ्या की आम्ही हयात असेपर्यंत इथेच राहणार आणि जेवणखाण, औषधपाणी घेणाऱ्याने बघायचं. "प्रेमापोटी व आपुलकीपोटी" एवढ्या छापील ओळीवर सही करू नका, कारण आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यातलं कलम 23 ह्या अटीवरच उभं आहे, अट मोडली तर बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं, पण अट होती हेच दाखवता आलं नाही तर अवघड जातं, 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने तसंच सांगितलं. जानेवारी 2025 च्या निकालात मात्र न्यायाधिकरण (ह्या कायद्याखालचे अर्ज ऐकतं ते, प्रांत ऑफिसात) घराचा ताबाही परत द्यायला लावू शकतं हे स्पष्ट झालंय.

त्रास सुरू झाला असेल तर शक्यतो घर सोडून जाऊ नका (मारहाण होत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा आधी पोलीस). अर्ज करायचा उपविभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपण प्रांत म्हणतो त्यांच्याकडे. वय 60 पूर्ण पाहिजे, पण आईवडिलांना पोटच्या मुलांविरुद्ध नुसत्या पोटगीच्या अर्जाला वयाची अट नाही. स्वतः जाता येत नसेल तर तुम्ही सांगाल तो माणूस किंवा संस्था तुमच्या वतीने अर्ज करते. घरासोबत पोटगीही मागा, कायद्यात महिना 10,000 पर्यंतची मर्यादा आहे. नोटीस पोचल्यापासून पोटगीचा निकाल 90 दिवसांत द्यायचा असं लिहिलंय, तारखा पडतात तरी, पण प्रत्येक तारखेला हजर रहा. निकाल विरोधात गेला तर 60 दिवसांत अपील.

घरात सून राहत असेल तर तिचाही राहण्याचा हक्क कोर्ट बघतं, सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या निकालात ते आलंय, आणि ते बरोबरच आहे असं मला वाटतं, म्हणून अर्जात मुलाचं वागणं आणि सुनेचं वागणं वेगवेगळं लिहा, दोघांना एकाच माळेत ओवू नका.

कोणाशी बोलायचंच सुचत नसेल तर 14567 ला फोन लावा, ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, सकाळी 8 ते रात्री 8, फुकट. वकील हवा असेल तर 15100. दिव्यांग व्यक्तीला आणि कुठल्याही बाईला उत्पन्न न बघता सरकारी मोफत वकील मिळतो, हे खूप जणांना माहीतच नसतं.

घरात मतिमंद, ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल असेल तर ते 18 चं झाल्यावर कलेक्टरांच्या लोकल लेव्हल कमिटीकडून कायदेशीर पालक नेमून घ्या आणि मृत्युपत्रात त्याचा त्या घरात राहण्याचा हक्क वेगळा लिहा. भाऊ बघेलच म्हणून सोडून देऊ नका, भाऊ चांगला असला तरी.

आणि प्रांत ऑफिसला जाताना मूळ कागद फक्त दाखवायला न्या, द्यायची झेरॉक्सच, अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक नंबरचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून उठायचं नाही.