आयव्हीएफची सायकल फेल गेली? आधी फाईल उतरवून काढा

माझं काम हिशेब लिहिण्याचं. पुण्याच्या मार्केट यार्डातल्या चार आडत्यांची आणि लक्ष्मी रोडवरच्या दोन दुकानांची खाती मी सांभाळते. त्यामुळे नुसतं 'तोटा झाला' म्हटल्याने माझं समाधान होत नाही, कुठल्या पानावर झाला ते दिसावं लागतं. पण गेल्या नोव्हेंबरात आमची पहिली आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीची) सायकल निगेटिव्ह आली, तेव्हा तीन आठवडे ती फाईल मी कपाटात साड्यांखाली दडपून ठेवली होती. चौथ्या आठवड्यात बाहेर काढली आणि एका कोऱ्या वहीत तारीखवार उतरवली. ते कसं करायचं, तेवढंच इथे सांगते. डॉक्टरांना 'का फेल गेली?' विचारलं की 'सांगता येत नाही' हेच उत्तर मिळतं. 'पाचातले चार गर्भ तिसऱ्या दिवसानंतर थांबले, ते का?' असं विचारलं की ते खुर्ची पुढे ओढून बोलू लागतात.

आधी कागद मिळवा. डिस्चार्ज कार्ड आणि बिलं पुरत नाहीत. सोनोग्राफीतली फॉलिकलची (बीज वाढतं त्या पुटकुळ्यांची) मापं, इंजेक्शनांचे डोस, ट्रिगरची (बीजं पिकवणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनाची) वेळ, लॅबचा दिवसवार अहवाल, ट्रान्सफरच्या (गर्भ आत सोडण्याच्या) वेळची गर्भपिशवीच्या अस्तराची जाडी आणि बीटाचे (गर्भ राहिला का ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचे) सगळे आकडे मागा. आम्ही गेलो तिथे काउंटरवर 'लॅबचं पेशंटला देत नाही' असं ऐकवलं. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांत रुग्णाने मागितल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं द्यावीत, असं स्पष्ट आहे. मी साध्या कागदावर अर्ज दिला आणि पोच मागितली. पोच मागितल्यावर मॅनेजर आतून बाहेर आले, दुसऱ्या दिवशी झेरॉक्स हातात.

आता वहीत एकाखाली एक आकडे मांडा. आमचे असे होते: बीजं निघाली ११, पक्व ८, फलित ६, तिसऱ्या दिवशी ५, पाचव्या दिवशी १. तोच एक आत सोडला, गोठवायला काही उरलं नाही. गळती सगळ्यांचीच होते, ती पाहून घाबरू नका. निघालेल्या बीजांपैकी साधारण तीन चतुर्थांश पक्व असतात, त्यातली सत्तर-ऐंशी टक्के फलित होतात आणि फलितांपैकी निम्मी किंवा त्याहूनही कमी पाचव्या दिवसापर्यंत पोचतात. आपली गळती कोणत्या पायरीवर याहून जास्त झाली, तिथे लाल पेनने खूण करा.

बीजंच कमी निघाली असतील तर एएमएच (रक्तातलं एक हार्मोन), वय आणि डोस याबद्दल विचारा. एएमएचवरून बीजांच्या साठ्याचा अंदाज येतो, त्यांचा दर्जा कळत नाही. निघाली भरपूर पण बरीच कच्ची, असं असेल तर ट्रिगरची वेळ बघा. ते इंजेक्शन पिकअपच्या (बीजं बाहेर काढण्याच्या) ३४ ते ३६ तास आधी घ्यायचं असतं, म्हणून ते रात्री दहा-साडेदहाला घ्यायला सांगतात. उशीर झाला असेल तर लाजू नका, सांगून टाका. इंजेक्शनं कशी ठेवली तेही आठवा. बरीचशी २ ते ८ अंशात ठेवायची असतात आणि आपल्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, ती कधीकधी संध्याकाळीच येते. मी आइस पॅक आणि थर्मोकोलचा डबा तयार ठेवला होता. तरी एका गुरुवारी ऑफिसातून धावत घरी आलेच.

पक्व बीजं असूनही फलन कमी झालं असेल तर बीज आणि शुक्राणू दोन्हीकडे बघावं लागतं, आणि पुढच्या वेळी इक्सी (एकेक शुक्राणू सुईने थेट बीजात सोडणं) करायची का हे ठरतं. आमची लाल खूण मात्र शेवटच्या पायरीवर होती, पाचावरून एक. त्यावर डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. पहिले दोन-तीन दिवस गर्भ मुख्यतः बीजातल्या शिदोरीवर चालतो. त्यानंतर त्याची स्वतःची जनुकं कामाला लागतात, आणि त्यात निम्मा वाटा बापाचा असतो. म्हणून तिसऱ्या दिवसानंतर गर्भ थांबत असतील तर बीजाच्या दर्जाबरोबर शुक्राणूंचीही पुन्हा चौकशी करायची. 'काउंट नॉर्मल आहे' हा रिपोर्ट त्याला पुरत नाही.

इथे माझी वही कामाला आली. नवरा भोसरीला हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये आहे, आठ तास भट्टीजवळ. ऑगस्टच्या शेवटी त्याला चिकनगुनिया झाला होता, पाच दिवस १०२-१०३ ताप. पिकअप झालं ऑक्टोबरच्या मध्यावर. शुक्राणू तयार व्हायला साधारण सत्तर-पंचाहत्तर दिवस लागतात आणि पुढे बाहेर यायला आणखी काही. म्हणजे त्या दिवशी वापरलेले शुक्राणू तापाच्या दिवसांतच तयार होत होते. दवाखान्याच्या फॉर्मवर 'गेल्या तीन महिन्यांत ताप, आजारपण' असा रकाना होता आणि आम्ही तो कोरा सोडला होता! तापामुळेच झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत, तसं सिद्धही करता येत नाही. पण पुढची तारीख त्यांनी तीन महिने पुढे ढकलली, शुक्राणूंच्या डीएनए फ्रॅगमेंटेशनची (डीएनए किती तुटलाय याची) तपासणी लिहून दिली आणि व्हेरिकोसील (अंडकोषाजवळच्या फुगलेल्या शिरा) आहे का बघायला सांगितलं. नवऱ्याने शिफ्ट बदलून मागितली. तंबाखू सोडायला मात्र त्याला एक महिना आणि माझी तीन भांडणं लागली. जिमवाल्या मंडळींसाठी एक सांगून ठेवते: टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांनी शुक्राणू वाढत नाहीत, बंदच पडू शकतात.

गर्भ चांगला होता, आत सोडलाही, तरी बीटा शून्य, असं असेल तर? बऱ्याचदा कारण गर्भाच्या गुणसूत्रांतल्या चुकीत असतं. ग्रेड ही सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या रूपाला दिलेली असते, त्यातून गुणसूत्रं दिसत नाहीत. पस्तिशीनंतर ही चूक वाढत जाते आणि चाळिशीला निम्म्याहून अधिक गर्भांत सापडते. मी अडतीस वर्षांची आहे, हे वाचायला मलाही जड गेलं. पण त्यामुळे एक झालं. ट्रान्सफरनंतर सिंहगड रोडच्या खड्ड्यांतून रिक्षाने घरी आले म्हणून गेलं, हे सासूबाईंचं म्हणणं आणि माझ्या मनातलंही, दोन्ही गळून पडलं. धक्क्याने गर्भ खाली पडत नाही आणि झोपून राहिल्याने तो रुजण्याची शक्यता वाढत नाही, हे तपासून पाहिलेलं आहे.

गर्भपिशवीचं थोडक्यात. हिस्टेरोस्कोपी (दुर्बिणीने पिशवी आतून बघणं) झाली नसेल तर पॉलिप, आतल्या बाजूचा फायब्रॉइड, पडदा, चिकटलेलं अस्तर यांबद्दल विचारा. बीजवाहक नळीत पाणी साठलं असेल तर ते पिशवीत झिरपतं आणि यशाची शक्यता जवळपास निम्म्यावर आणतं, म्हणून ट्रान्सफरच्या आधी ती नळी काढतात किंवा क्लिप लावतात. आपल्या देशात अस्तराचा टीबीही विसरून चालत नाही. पण फक्त पीसीआर पॉझिटिव्ह आली म्हणून सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू करण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, कारण ती तपासणी चुकूनही पॉझिटिव्ह येते. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर हे रिपोर्ट सहा महिन्यांपूर्वीचे असतील तर नवे करा.

बीटा वाढून मग उतरला असेल, किंवा ठोके दिसून थांबले असतील, तर तो वेगळा हिशेब आहे. गर्भ रुजला होता, टिकला नाही. वहीत त्याला वेगळं पान द्या. पिशवी साफ करावी लागली तर काढलेला भाग गुणसूत्रांच्या तपासणीला पाठवता येतो, पण ते आधीच सांगावं लागतं. असं पुन्हा झालं असेल तर अँटीफॉस्फोलिपिडच्या (रक्ताच्या गुठळ्या करणाऱ्या प्रतिपिंडांच्या) तपासण्या विचारा.

आता पैशाचं. फेल गेलेल्या बाईसमोर लगेच एक यादी येते: अस्तर खरवडणं, ईआरए (अस्तर गर्भ घ्यायला कधी तयार असतं याची तपासणी), इंट्रालिपिड (शिरेतून देतात ते स्निग्ध सलाइन), पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचा द्राव). माझ्यासमोर आली तिची बेरीज ऐंशी हजारांच्या वर होती. अस्तर खरवडण्यावर २०१९ साली १,३६४ बायकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. खरवडलेल्या आणि न खरवडलेल्या, दोन्ही गटांत बाळ जन्माला येण्याचं प्रमाण २६ टक्केच होतं. म्हणून यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे दोन प्रश्न लिहा. हे माझ्या कुठल्या लाल खुणेसाठी? आणि याने जिवंत बाळं जास्त जन्मली, असं कुठे दिसलंय? 'रिझल्ट चांगला येतो' हे उत्तर मी खात्यात धरत नाही.

भेटीला जाताना नवऱ्याला न्या, आणि प्रश्न पाचच न्या. माझे बावीस झाले होते, त्यातले सतरा मीच खोडले. आमची दुसरी सायकल मार्चमध्ये झाली. बीजं ९, पक्व ७, फलित ५, पाचव्या दिवशी ३. पहिला गर्भ रुजला नाही. दोन गोठवलेले आहेत, त्यांचं वर्षाचं भाडं मी ऑडिटच्या फीबरोबरच भरून टाकलं. या वेळी 'ताप, आजारपण' चा रकाना नवऱ्याने स्वतः भरला: 'नाही'. खाली तारीख टाकून सही.