एम.फार्म.ला दोन गाईड आहेत? या चुका टाळा

एम.फार्म. या फार्मसीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात तिसऱ्या सेमिस्टरला प्रोजेक्ट सुरू झाला की एका विद्यार्थ्यामागं दोन-तीन साहेब लागतात. कॉलेजातले गाईड सर, ॲनालिसिस बघणाऱ्या को-गाईड मॅडम, आणि कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव किंवा कागल एमआयडीसीत काम मिळालं तर तिथले साहेब वेगळेच. त्यांचे मतभेद होणारच, आणि ते वाईट नाहीत. काम बिघडतं ते मधल्या माणसाच्या एका सवयीनं: दोघांनाही ‘हो’ म्हणून केबिनबाहेर पडायचं.

उदाहरण घ्या. एचपीएमसी हे पॉलिमर वापरून सस्टेन्ड रिलीज, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी, टॅबलेट चालली आहे. डिसोल्यूशन चाचणीत ती द्रवात टाकून पॅडलनं ढवळतात आणि औषध किती सुटलं ते मोजतात. सर म्हणतात, डिसोल्यूशनला पॅडल 50 आरपीएमवर (मिनिटाला 50 फेरे) ठेव. मॅडम म्हणतात, 75 घे, 50 ला पॅडलखाली ढीग साचतोय. दोघांच्याही म्हणण्याला कारण आहे. मग पोरगं काय करतं? पॉलिमर बदलत केलेल्या आठ बॅचपैकी एफ1 ते एफ4 सरांच्या वेगानं, एफ5 ते एफ8 मॅडमच्या. दोघंही खूश! पुढं आलेख काढल्यावर एफ6 मधलं औषध लवकर का सुटलं, पॉलिमर बदलल्यामुळं की पॅडल जोरात फिरल्यामुळं, हे कुणालाच सांगता येत नाही. सिमिलॅरिटी फॅक्टर, म्हणजे औषध सुटण्याचे दोन आलेख किती जुळतात ते सांगणारा आकडा, 50 ते 100 मध्ये आला की दोन प्रोफाइल सारखी धरतात, पण चाचणीची परिस्थिती एकच असेल तरच. इथं ती तुलनाच करता येत नाही. पंचिंगचे (टॅबलेट दाबून बनवण्याचे) दिवस, बफर, रीडिंग, सगळं पाण्यात.

असा वाद निघाला की आधी फार्माकोपिया, म्हणजे औषधांच्या चाचण्यांचा अधिकृत ग्रंथ, उघडा. तुमच्या टॅबलेटला लागू पडणारी चाचणी तिथं असेल तर माध्यम, उपकरण, वेग छापलेलाच असतो आणि बोलणं तिथंच संपतं. नसेल तर एकच बॅच दोन्ही वेगांवर चालवा, सहा-सहा टॅबलेट घेऊन. दोन्ही आलेख समोर ठेवून दोघांना एकत्र विचारा. ‘कुणाचं ऐकू?’ हा प्रश्न मग उरत नाही.

दुसरी चूक निरोप्या होण्याची. ‘मॅडमनी सांगितलंय’ असं सरांना सांगायचं आणि ‘सरांना चालणार नाही’ असं मॅडमना. तोंडी निरोपात मूळ कारण गळून जातं, हुकूम तेवढा पोचतो, आणि साध्या तांत्रिक मुद्द्याला मानापमानाचा वास यायला लागतो. त्यापेक्षा दोघांना एकच मेसेज टाका:

‘सर, मॅडम, नमस्कार. एफ3 बॅच 50 आणि 75 आरपीएमवर चालवली, आलेख जोडला आहे. 50 ला पॅडलखाली ढीग दिसतो, म्हणून पुढच्या सगळ्या बॅच 75 वर घ्यायचा विचार आहे. सोमवारपासून सुरू करू का?’

उत्तर आलं की तारीख घालून लॅब नोटबुकात उतरवा. शिवाजी विद्यापीठात एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना बघणं) किंवा सेमसाठी (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) सॅम्पल पाठवतानाही हेच करा. पैसे भरून, रिपोर्ट हातात आल्यावर ‘ही बॅच पाठवायला कुणी सांगितलं?’ हे ऐकायची वेळ येऊ नये.

प्राण्यांवरचा अभ्यास असेल तर जास्त जपा. संस्थेच्या एथिक्स कमिटीनं मंजूर केलेल्या प्रोटोकॉलमधला डोस किंवा प्राण्यांची संख्या एका गाईडनी तोंडी बदलायला सांगितली म्हणून बदलता येत नाही. बदल कमिटीकडं परत जायला हवा. सर कितीही ज्येष्ठ असोत, इथं ‘हो सर’ नको. ‘सर, दुरुस्तीचा अर्ज तयार करतो’ असं म्हणा.

कंपनीत काम असेल तर कुठला डेटा थिसिसमध्ये छापता येईल हे पहिल्याच आठवड्यात लेखी विचारा. कॉलेजच्या गाईडना सगळे आकडे हवे असतात, कंपनीला त्यातले निम्मे बाहेर जायला नको असतात. सबमिशनच्या तोंडावर हे कळलं तर अख्खं प्रकरण काढावं लागतं.

वेळेचंही तसंच. ॲक्सिलरेटेड स्टॅबिलिटी, म्हणजे जास्त उष्णतेत आणि दमटपणात औषध किती टिकतं याची चाचणी, 40 अंश सेल्सिअस आणि 75 टक्के आर्द्रतेला सहा महिने चालते. अंतिम बॅच कुठली यावर दोघांचं एकमत व्हायला सेमिस्टर गेलं तर तीन महिन्यांचीच रीडिंग हातात राहतात. बाकी सगळं लांबलं तरी अंतिम बॅचवर दोघांची सही तेवढी आधी मिळवा.

थिसिसच्या ड्राफ्टची वर्डमध्ये एकच फाईल ठेवा, नावात तारीख घाला. दोन छापील प्रती दोघांकडं एकाच वेळी दिल्या की दुरुस्त्या एकमेकींवर चढतात. ॲनालिसिसचं प्रकरण आधी को-गाईडकडून तपासून घ्या, मग गाईडकडं द्या. सगळ्या थिसिसची जबाबदारी शेवटी त्यांच्यावरच असते.

दोघांचं मुळातच जमत नसेल तर त्यात पडू नका. कँटीनमध्ये एकाची गाऱ्हाणी दुसऱ्याच्या विद्यार्थ्याला तर अजिबात सांगू नका, संध्याकाळपर्यंत ती पोचतात. काम खरंच अडलं तर वहीतल्या नोंदी घेऊन विभागप्रमुखांकडं जा.

आणि गाईडच मधे नोकरी सोडून निघाले तर? ते जायच्या आत तोवरच्या नोटबुकावर त्यांची तारखेसह सही घ्या आणि गाईड बदलाचा अर्ज लगेच प्राचार्यांकडं द्या. ‘फोनवर मार्गदर्शन करत राहीन’ एवढ्यावर थांबू नका.