रास्पबेरी पायवर एसक्यूलाइट: ‘डेटाबेस इज लॉक्ड’ कसं सुटलं

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका छोट्या मराठी वाचनालयाची पुस्तकांची देवघेव आता रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर, एसक्यूलाइट या डेटाबेस प्रोग्राममध्ये आहे. वेगळा सर्व्हर नाही, सगळा डेटाबेस एकाच फाइलमध्ये. बसवायला फारसं काही लागत नाही. एपीटीने (पायवर सॉफ्टवेअर टाकायची कमांड) ‘एसक्यूलाइट3’ टाकलं की झालं.

फाइलला लिहिण्याची परवानगी असूनही ‘रीडओन्ली’चा (फक्त वाचता येईल, असा) एरर येत होता. एसक्यूलाइट लिहिताना शेजारीच जर्नलची (चालू बदलाची तात्पुरती नोंद ठेवणारी) फाइल तयार करतं, त्यामुळे प्रोग्राम ज्या युजरने चालतो त्याला फोल्डरमध्येही लिहिता आलं पाहिजे. फोल्डरची मालकी बदलली, एरर गेला.

खरा त्रास दोन काउंटरवरून एकदम नोंद झाली की व्हायचा: ‘डेटाबेस इज लॉक्ड’, म्हणजे एक जण लिहीत असल्याने दुसऱ्याला डेटाबेस बंद. जर्नल मोड ‘वॉल’ (WAL) केला, म्हणजे बदल आधी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहिले जातात. हे एकदाच करायचं, फाइलमध्ये कायम राहतं. मग लिहिणं चालू असताना वाचणाऱ्याला थांबावं लागत नाही. पण लिहिणारा एका वेळी एकच, म्हणून ‘बिझी टाइमआउट’ (लॉक सुटायची वाट किती वेळ पाहायची) 5000 मिलिसेकंद ठेवला. तो मात्र प्रत्येक कनेक्शन उघडताना पुन्हा द्यावा लागतो. इथेच बरेच जण फसतात. शिवाय ही फाइल नेटवर्कवरच्या शेअर्ड फोल्डरमधून उघडू नका, तिथे वॉल चालत नाही. म्हणून दोन्ही काउंटर पायवरच्याच प्रोग्रामशी बोलतात.

बॅकअपसाठी चालू फाइल नुसती कॉपी करू नये. ताज्या नोंदी शेजारच्या ‘-वॉल’ फाइलमध्ये असू शकतात, त्या सुटतात. ‘.बॅकअप’ कमांडने पेनड्राइव्हवर प्रत काढा, त्या प्रतीवर ‘इंटिग्रिटी चेक’ (फाइल धड आहे का याची तपासणी) चालवा आणि ‘ओके’ आलं तरच जुनी प्रत पुसा.