कापरेकरांचे ६१७४ आणि माझे हरवलेले शून्य

दिवसा दुकानाचा हिशेब आणि रात्री पायथन या संगणकभाषेत प्रोग्राम लिहिणे, असा माझा छंद आहे. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांचा ६१७४ परवा प्रोग्रामने पडताळायला घेतला. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडायचे, मोठीतून लहान वजा करायची आणि हेच पुन्हा करत राहायचे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो. ११११, २२२२ अशा चारही अंक सारखे असलेल्या नऊ संख्या तेवढ्या सुटतात.

पहिल्याच १००० ला प्रोग्राम लटकला! वीस पायऱ्यांची मर्यादा घातली, तर नऊऐवजी ७७ संख्या नापास. कोडकडे तासभर टक लावूनही काही दिसेना. शेवटी वही काढली. अंक मोठ्यापासून क, ख, ग, घ धरले की वजाबाकी ९९९(क−घ) + ९०(ख−ग) येते. क−घ एक आणि ख−ग शून्य असेल तर उत्तर ९९९. म्हणजे तीनच अंक! पुढे ९९९ वजा ९९९, शून्य, आणि शून्यातच घिरट्या. कागदावर आपण ०९९९ लिहितो, संगणकाला पुढचे शून्य ठाऊकच नसते.

अंक सुटे करण्याआधी संख्येला झेडफिल(४) लावले, म्हणजे चार अंक भरेपर्यंत डावीकडे शून्ये जोडणारी पायथनची सोय. आता १००० चा प्रवास: ०९९९, ८९९१, ८०८२, ८५३२, ६१७४. नापास फक्त नऊ.